टेपवरची टिकटिक

दिलीपने मस्कतहून टेपरेकॉर्डर आणला, तेव्हा वाशीच्या त्या इमारतीत काही दिवस दुसरा विषय नव्हता. शेजारच्या मीनाताई तर साडी बदलून तो बघायला आल्या. दिलीप हा वैजयंतीचा धाकटा भाऊ. बहिणीला काय हवं ते विचारून आणणाऱ्यातला तो नव्हता, पण या वेळी तिने स्वतःच पत्र लिहून मागितलं होतं. एरवी सोन्याच्या बांगड्या आणल्या तरी ‘कशाला उगाच’ म्हणणारी बाई यंत्र मागते, म्हणजे तसंच काही कारण असणार, हे त्याने ओळखलं.

कारण होतंच. वैजयंती सतार वाजवायची आणि चाळिशी उलटल्यावर तिने रेडिओच्या ऑडिशनसाठी अर्ज टाकला होता. मुलगा शिकायला पुण्याला गेला, घर रिकामं झालं, आणि इतकी वर्षं मनात दडपलेली ती हौस एकदम वर आली. ऑडिशनचं बोलावणं आलं. आपलं वादन परक्या माणसाच्या कानाला कसं लागतं ते तिला आधी ऐकून बघायचं होतं. कारण ऑडिशनला साथीला आपला माणूस नेता येत नाही, तबलजी तिथलाच असतो. आणि वैजयंतीने लग्नापासून आजवर नवऱ्याखेरीज कोणाच्या तबल्यावर धड वाजवलं नव्हतं.

नवरा श्यामसुंदर पावणे गावातल्या रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होता. बोटांना कधी निळा, कधी जांभळा डाग असायचाच. तरुणपणी तो चांगला तबला वाजवायचा, चार नावाजलेल्या गवयांनी त्याला साथीला बोलावलं होतं. पुढे नोकरी, वाशीतलं घर, कंपनीच्या बसच्या वेळा, आणि तबला रविवारपुरता उरला. पण बोटं काही ऐकत नसत. जेवताना ताटाच्या काठावर, पेपर वाचताना गुडघ्यावर, स्वयंपाकघरात उभा असला तर पिठाच्या डब्यावर, त्याचा ठेका आपला चालूच. वैजयंतीच्या सासूबाई म्हणायच्या, हा झोपेतही गादी बडवतो.

ऑडिशनचं बोलावणं आल्यावर श्यामसुंदर एवढंच म्हणाला होता, “तिथला तबलजी कसा भेटतो कोण जाणे. काय घाई आहे तुला?” वैजयंतीला त्यात त्याचं प्रेम दिसलं होतं. आपली बायको दुसऱ्याच्या ठेक्यावर वाजवणार हे याला सोसवत नाही, असं वाटून ती मनातल्या मनात सुखावलीसुद्धा होती. माणूस सुखावायचं ठरवतो तेव्हा त्याला कारण कुठलंही पुरतं.

दिलीपने जाताना शिकवणी दिली ती एवढीच: लाल बटण आणि त्याच्या शेजारचं बटण एकदम दाबायचं, आणि एखादी टेप जपून ठेवायची असेल तर कॅसेटच्या मागच्या कडेची प्लॅस्टिकची पट्टी मोडून टाकायची, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. “बाकीचं तू शिकशील गं ताई,” म्हणाला आणि गेला.

बाकीचं शिकता शिकता ताईचा जीव मेटाकुटीला आला. पहिल्या दिवशी तिने यंत्र जेवणाच्या टेबलावर ठेवलं, तर सतारीपेक्षा टेबलावरचे चमचेच जास्त वाजले. सतारीच्या अगदी जवळ ठेवलं, तर नुसती तार छेडायच्या नखीची खरखर. लांब ठेवलं, तर मीनाताईंच्या कुकरच्या शिट्ट्या. पंखा चालू असला की टेपवर वादळ सुटल्यासारखं वाटे, म्हणून एप्रिलच्या उकाड्यात पंखा बंद करून, खिडकीवर रजई टांगून, घामाने निथळत ती बसायची. शेजारच्या जुहूगावची यशोदाबाई मासे घेऊन यायची, तिची आरोळी तर दोन कॅसेटवर उमटली होती. वैजयंतीने तिला जरा हळू ओरडायला सांगून पाहिलं.

“मी वरडले नाय त माजा म्हावरा कोन घेल, वयनी?” यशोदाबाई म्हणाली, आणि मुद्दा बिनतोड होता. वैजयंतीने रेकॉर्डिंगची वेळ दुपारवर नेली.

हळूहळू जमलं. पाटावर घडी केलेली घोंगडी, तिच्यावर यंत्र, सतारीच्या भोपळ्यासमोर पण थोडं तिरकं, दार लावलेलं. आवाज असा स्वच्छ आला की तिला आनंदाने रडू येईल की काय असं झालं. एकच त्रास राहिला, तो भिंतीवरच्या घड्याळाचा. लंबकाचं जुनं घड्याळ, सासऱ्यांनी लग्नात दिलेलं. त्याची टिकटिक प्रत्येक टेपवर येई. लंबक थांबवावा असं तिने सुचवलं, तर श्यामसुंदर गंभीर होऊन म्हणाला, “बंद घड्याळ घरात नसावं. आणि बाबांची आठवण आहे ती.” मग टिकटिक राहिली.

आता ती खऱ्या अर्थाने ऐकायला बसली. आधी सूर ऐकले, मींड ऐकली. बरी होती. कुठे कुठे तर चांगलीच होती. मग मध्यलयीतली गत आली, आणि वैजयंतीच्या कपाळाला आठी पडली. गत पळत होती. अंतऱ्याशी आली की धावायला लागायची, वरच्या षड्जाला हात लावून खाली आली की दम लागल्यासारखी रेंगाळायची.

तिने मीनाताईंना विचारलं. मीनाताईंना सगळ्यातलं थोडं थोडं कळायचं. “सेल उतरले असतील,” त्या म्हणाल्या. “आमच्या बंधूंच्या टेपचं असंच होतं. टेन्शन घेऊ नका.” वैजयंतीने नवे सेल आणले. गत पळाली. सेल काढून विजेवर लावलं. गत पळाली. मग तिने यंत्राला दोष दिला, दिलीपला दोष दिला, त्याला फसवणाऱ्या मस्कतच्या दुकानदारालाही सोडलं नाही.

पण एके दुपारी, तीच टेप पुन्हा ऐकताना, तिचं लक्ष सतारीवरून सुटून मागच्या टिकटिकीवर गेलं. गतीची सुरुवात नकळत घड्याळाच्याच लयीत होत होती. वर्षानुवर्षं त्या खोलीत बसून हाताला ती लय लागली असावी. टिकटिक आणि मात्रा, दोन्ही बरोबर. मग अंतरा आला. सतार पुढे निघाली. आणि घड्याळ आपलं तसंच चाललं होतं, जराही न हलता.

यंत्र पळत असतं तर घड्याळही पळालं असतं.

वैजयंतीने टेप बंद केली. पळत होती ती आपण. आजच नव्हे, सगळ्याच टेपांवर. पण मग रविवारी ते दोघं वाजवतात तेव्हा काय होतं? तेव्हा तर समेवर दोघं बिनचूक येतात! इतक्या वर्षांत एकदाही चुकले नाहीत. गेल्या रविवारचं दोघांचं वादन तिने हौसेने भरून ठेवलं होतं. ती कॅसेट तिने शोधून लावली, आणि या वेळी सतार सोडून फक्त तबला आणि घड्याळ ऐकलं.

अंतरा आला. सतार पळाली, आणि तबलाही तिच्याबरोबर पळाला, इतक्या बेमालूमपणे की घड्याळ नसतं तर देवालाही कळलं नसतं. ती खाली आली, तर तोही रेंगाळला. ती जाईल तिथे ठेका जात होता. सम तिची जिथे पडेल तिथे तो आधीच हात वर करून बसलेला होता.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नसतं त्याचा हात असा जात नाही.

संध्याकाळी कंपनीच्या बसने श्यामसुंदर आला. हातपाय धुऊन खुर्चीवर बसला, आणि वैजयंतीने चहाऐवजी त्याच्यापुढे टेपरेकॉर्डर ठेवला. बटण दाबलं. अंतरा आला तेव्हा त्याची बोटं गुडघ्यावर हलायला लागली होती, ती थांबली. त्याने मान खाली घातली.

“घड्याळ ऐका,” ती म्हणाली.

“ऐकलं.”

“तुम्हाला ठाऊक होतं.”

“अगं, वाजवताना होतं असं थोडं. मोठमोठ्यांचं होतं.”

“कधीपासून ठाऊक आहे?”

“पहिल्यापासून,” तो म्हणाला.

“पहिल्यापासून म्हणजे?”

“चिपळूणला. तुला बघायला आलो होतो तेव्हापासून.”

वैजयंतीने टेप बंद केली. चिपळूणचा तो दिवस तिने आयुष्यभर जपून ठेवला होता. बघायला मंडळी आलेली, पोहे झालेले, आणि मुलीला सतार येते म्हटल्यावर मुलाच्या मामांनी म्हटलं होतं की आमचा श्यामही तबला वाजवतो, होऊन जाऊ दे. तिचे सतारीचे गुरुजी दिनानाथबुवाही त्या दिवशी घरी होते, तबला त्यांनीच शेजारून मागवला होता. लाजत, घाबरत ती वाजवायला बसली, आणि दोघं एकदम समेवर आले, आणि घरभर वाहवा झाली. तेव्हाच तिने मनात होकार दिला होता. मुलाचं नाक जरा मोठं आहे हेही तिने त्या समेपायी माफ केलं होतं.

“त्या दिवशी तू घाबरून सुटलीच होतीस,” श्यामसुंदर म्हणाला. त्याच्या आवाजात, इतक्या सगळ्यातही, एक कोवळेपणा आला. “मी आलो मागून. माझ्या मामांना काही कळलं नाही. मला फार बरं वाटलं होतं गं.”

“आणि वाहवा झाली ती कोणाची?”

वैजयंतीला आता एकेक गोष्ट आठवायला लागली, आणि आठवेल ती टोचत होती. गेल्या गणपतीत सोसायटीच्या कार्यक्रमाच्या आधी श्यामसुंदर तापाने पडला होता. जुहूगावच्या भजनी मंडळातला धर्मराज साथीला येणार ठरलं. चांगला तयारीचा माणूस, पण एकदाच तालमीला बसला आणि म्हणाला, “माजा हात तुमच्या हाताला नाय जमनार, वयनी.” तिला वाटलं, किती नम्र माणूस. मग श्यामसुंदर तापातच उठून वाजवायला बसला होता, आणि सोसायटीतल्या बायकांनी ‘नवरा असावा तर असा’ म्हणून तिचा हेवा केला होता.

“धर्मराजला काय सांगितलं होतं तुम्ही?”

“म्हटलं, वहिनी जातील तिकडे जा. त्याला नाही जमलं.”

“म्हणजे त्यालाही ठाऊक. आणि बुवांना?”

श्यामसुंदर बोटांवरचा डाग खरवडायला लागला, म्हणजे बुवांनाही. लग्नात बुवांनी जावयाचे हात हातात घेऊन ‘सांभाळून घ्या’ म्हटलं होतं आणि वैजयंतीला तेव्हा रडू आलं होतं. बुवा आता हयात नव्हते, नाहीतर ती त्याच पावली त्यांच्याशी भांडायला गेली असती.

“तुम्ही सगळ्यांनी मिळून मला फसवलंत,” ती म्हणाली. “सगळ्यांना माहीत आणि मी एकटी खुळ्यासारखी माना डोलावत वाजवतेय!”

“तुला सांगितलं असतं तर तू सतार खुंटीला टांगली असतीस.”

“टांगली असती नाहीतर सुधारली असती! ते माझं मला ठरवू द्यायचं होतं. तेव्हा विशीतली होते मी. वर्षभरात लय बसली असती माझी. आता ऑडिशन तोंडावर आल्यावर मला हे एका घड्याळाकडून कळावं?”

श्यामसुंदरने पाणी मागितलं. तिने दिलं नाही. तो स्वतः उठून प्यायला, आणि उभ्याउभ्याच म्हणाला, “मी शिकवतो तुला. मी ठेका धरतो, अगदी घड्याळासारखा. तू कुठेही जा, मी हलणार नाही.”

दुसऱ्या रविवारी त्यांनी तेही करून पाहिलं. यंत्र चालू ठेवून दोघं बसले. “माझ्यामागे येऊ नका,” तिने बजावलं. “नाही येत,” तो म्हणाला. अंतऱ्याशी ती सुटली, आणि तो आला. तिने हात थांबवला. “आलात.” पुन्हा सुरुवात. पुन्हा आला. तिसऱ्यांदा तर तो ओठ आवळून, घड्याळाकडे डोळे लावून बसला होता, तरी हात आलाच. टेप ऐकवल्यावर त्याचा चेहरा पार उतरला. ज्याच्या लयीवर एकेकाळी गवयी विसंबायचे, त्याला आता बायकोची लय सोडून दुसरी लयच राहिली नव्हती. वैजयंतीला क्षणभर त्याची कीव आली. पण राग त्याहून मोठा होता, आणि तिने तो लपवला नाही.

“तबला झाकून ठेवा,” ती म्हणाली. “ऑडिशनपर्यंत मी दार लावून एकटी वाजवणार.”

मग ती, यंत्र आणि सासऱ्यांचं घड्याळ असे तिघंच खोलीत उरले. आपण कुठे सुटतो ते तिने टेपवर पुन्हा पुन्हा ऐकलं. तो वरचा षड्ज. तिथे तार तुटेल अशी भीती तिला लहानपणी बसली होती, आणि म्हणून ती तिथून पटकन निसटायची. कोणी कधी विचारलंच नव्हतं, म्हणून तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. आता ती गत इतकी सावकाश घ्यायची की मीनाताईंनी मध्येच दार ठोठावून तब्येत विचारली. भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चालावं तशी ती त्या जागेवरून जायची. सांडायचं, पुन्हा भरायचं. रोज स्वतःच्या चुका ऐकून तिला स्वतःचा तिटकारा यायचा, आणि मग त्या तिटकाऱ्याचाही कंटाळा आला, आणि मग हळूहळू चुका कमी झाल्या.

श्यामसुंदर घरी असला की बाहेर घुटमळायचा. चहा स्वतः करून प्यायचा, तिच्यासाठी झाकून ठेवायचा. दोघांत बोलणं होई ते भाजी आणि दूध यांच्यापुरतं. एकदा त्याने बंद दारातून विचारलं, “बरं चाललंय ना?” आतून उत्तर आलं, “रेकॉर्डिंग चालू आहे.”

ऑडिशनच्या आधीचा रविवार. दुपारची वेळ. वैजयंतीने नवी कॅसेट घातली, दोन्ही बटणं दाबली आणि गत वाजवली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न थांबता. वाजवताना तिला कळलं होतं की काहीतरी वेगळं झालंय, पण आता ती स्वतःच्या कळण्यावर विश्वास ठेवणारी राहिली नव्हती. टेप मागे नेऊन ती कान लावून ऐकायला बसली.

टिकटिक होती. सतार होती. आणि आणखी एक आवाज होता. अगदी बारीक, दाराच्या फटीतून आलेला. पत्र्याच्या डब्यावर बोटं वाजत होती.

तिने तो लगेच ओळखला. दाराबाहेर स्वयंपाकघरात उभं राहून श्यामसुंदर पिठाच्या डब्यावर ठेका धरत होता. तिला साथ करत होता, तिने मना केलं असताना, चोरून. रागाने तिचा हात बटणाकडे गेला, पण तेवढ्यात अंतरा आला आणि तिने हात मागे घेतला.

सतार वर चढली. षड्जाशी आली. घड्याळ चाललं होतं तसंच चाललं होतं, आणि सतार त्याच्या पावलाशी पाऊल लावून तिथे उभी राहिली. पळाली नाही. पण डबा पळाला. ती आता सुटणार हे गृहीत धरून तो आधीच पुढे निघून गेला होता, समेवर एकटाच जाऊन थडकला होता, आणि तिथे कोणी नाही असं पाहून एकदम थांबला होता. मग मागून सतार आली, आपल्या वेळेला, आणि समेवर उतरली. डबा पुन्हा वाजला नाही.

वैजयंतीने टेप थांबवली. डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिने पुसलं नाही. गत साधली याचा आनंद होता, नाही असं नाही. पण त्या डब्याने जे सांगितलं ते तिला आनंदाहून खोल लागलं. खोटं बोलणारी माणसं तिने पाहिली होती. पण हा माणूस इतकी वर्षं तिच्याजवळ बसून, मान डोलावून, दर रविवारी तिच्या पडण्याची वाट बघत होता, आणि ती पडली नाही तर त्याला काय करावं हे ठाऊकच नव्हतं.

तिने दार उघडलं. तो डब्यापाशीच उभा होता, बोटांना पीठ लागलेलं.

“आत या,” ती म्हणाली.

तिने टेप लावली. त्याने ऐकली. अंतऱ्याशी त्याने डोळे मिटले, आणि डबा थांबला तेव्हा उघडले.

“मला वाटलं, तू…” तो म्हणाला.

“हो. तुम्हाला नेहमी तेच वाटलं.”

तिने टेप बंद केली. टिकटिक उरली ती भिंतीवरची, खरी. मग तो हळूच म्हणाला, “परवा मी रजा घेतो. रेडिओपर्यंत सोडायला येतो. आत नाही येणार.”

“नको,” वैजयंती म्हणाली. “मी एकटी जाईन. बस मला माहीत आहे.”

तिने यंत्रातून कॅसेट काढली. अंबाड्यातला आकडा उपसला, त्याचं टोक कॅसेटच्या मागच्या पट्टीत घातलं आणि ती मोडून टाकली. प्लॅस्टिकचा तुकडा उडून त्याच्या पायाशी पडला, आणि तो उचलायला श्यामसुंदर खाली वाकला.